पाच कोरे चेक

पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल अशा खुणा काढून थोडक्यात देतो आहे.

"सर, सलाम. सांगलीपासून तासाभरावर, तालुक्याच्या गावात आमची जुनी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च आहे. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आणि तीन वर्षांपासून मंडळीची खजिनदार. ट्रस्टचे अध्यक्ष पाळकसाहेब (पास्टर), सेक्रेटरी त्यांचे मेहुणे. 'ताई, तुम्ही शाळेत अडकलेल्या असता, कामं खोळंबतात' असं म्हणून माझ्याकडून पाच कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या. गेल्या हंगामाच्या सणात अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव जोरात झाला, एक कोंबडाच साडेतीन हजाराला गेला. पण चर्चच्या दारात चिकटवलेला क्यूआर कोड पाळकसाहेबांच्या स्वतःच्या खात्याचा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. किती जमा झाले ते मला, खजिनदाराला, अजून माहीत नाही. त्यात मागच्या जुन्या बोर्डिंगच्या आवारात दोन माणसं टेप लावून मोजून गेली. २२ गुंठे जागा आहे. पंचांच्या, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांच्या बैठकीत विचारलं, तर पुढच्या रविवारी उपासनेत संदेश (प्रवचन) झाला, 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.' त्याच्या पुढच्या रविवारी बायबलातलं २ राजे १२:१५, म्हणजे देवाच्या घरात हिशेब मागत नसत. महिला मंडळातल्या बायका बोलेनाशा झाल्या आहेत. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, आणि 'चर्चमध्ये लग्नाच्या घोषणा करायच्या की नाही ते बघू' असा निरोप आलाय. सासूबाई ८४ वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या. उद्या काही झालं तर दफनभूमीत जागा देतील का, या विचाराने झोप लागत नाही. यजमान म्हणतात, राजीनामा दे आणि मोकळी हो. काय करू? राजीनामा देऊ, गप्प बसू, की देवाच्या घरची तक्रार सरकारदरबारी नेऊ? ता. क. मंडळीला दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) द्यायचा की थांबवायचा?"

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा मंडळीत वाढलेला माणूस म्हणून आणि एकदा सहकारी बँकेच्या तपासणी खात्यात केस पांढरे केलेला माणूस म्हणून. दुसऱ्या वाचनात मला 'अभिषिक्त' दिसलाच नाही, कोरे चेक तेवढे दिसले. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. शास्त्रवचनं कुठे पळून जात नाहीत, चेक मात्र वटतात.

कोऱ्या चेकवर सही केलीत ही तुमची चूक. भिडेखातर केलीत, विश्वासाने केलीत, सगळं खरं. पण उद्या त्यातल्या एकावर 'दुरुस्ती खर्च' म्हणून दोन लाख उचलले गेले, तर कागदावर सही तुमची आहे. मी हे लागट बोलतोय, कारण अशा भानगडीत शेवटी खजिनदार एकटा पडतो हे जवळून पाहिलंय. आमच्या साताऱ्याकडच्या एका मंडळीत, नाव सांगत नाही, माझ्या वडिलांचे एक स्नेही खजिनदार होते. निवृत्त कंपाउंडर, मुंगीलाही धक्का न लावणारा माणूस. व्हाउचरं नव्हती, सह्या होत्या. पाळकांची बदली झाली, ते गेले. लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते कंपाउंडरचं. पुढची अकरा वर्षं ते उपासनेला शेवटच्या बाकावर बसले आणि प्रार्थना संपायच्या आधी उठून गेले.

म्हणून सोमवारी शाळा सुटली की आधी बँकेत जा. खात्याचा उतारा मागा, सही करणाऱ्यांपैकी एक म्हणून तो तुम्हाला मिळायला हरकत नाही. चेकबुक सेक्रेटरींकडे असेल तर उताऱ्यावर वटलेल्या चेकच्या नंबरांत कुठे खाडा पडलाय ते बघा. मधले गाळलेले नंबर म्हणजे बहुधा तुमचेच. जे वटले नाहीत ते थांबवायचं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एक सांभाळा: पत्रात 'पदाधिकाऱ्यांमध्ये वाद आहे' हे वाक्य लिहू नका. ते वाचलं की मॅनेजर अख्खं खातं थांबवून मोकळा होतो (मीही तेच केलं असतं). मग चर्चचं लाइटबिल आणि पाळकसाहेबांचा पगार दोन्ही अडकतात आणि गावभर होतं की खजिनदारीणबाईंनी पाळकाच्या पोटावर पाय दिला. नुसते नंबर द्या आणि 'रक्कम न लिहिता सही झालेले हे चेक वटवू नयेत' एवढंच लिहा.

नंतर दोन पत्रं. पहिलं अध्यक्ष आणि सेक्रेटरींना: अमुक पाच चेक मी कोरे दिले, ती माझी चूक, ते परत करावेत, यापुढे व्हाउचर पाहिल्याशिवाय सही होणार नाही. चूक आपल्या तोंडाने आधी कबूल केली की समोरच्याच्या हातातलं हत्यार जातं. दुसरं पत्र ट्रस्टच्या ऑडिटरला. हे सहसा कोणाला सुचत नाही, आणि माझ्या मते तेच जास्त कामाचं. चर्चचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असतो. जुनी माणसं अजून त्याला 'बॉम्बे ट्रस्ट ॲक्ट' म्हणतात. त्याच्या कलम ३३ प्रमाणे दर वर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि कलम ३४ प्रमाणे गैर खर्च झाला, पैसा किंवा मिळकत वाया गेली, तर ऑडिटरने अहवालात तसं लिहायचं असतं. १९५१ च्या नियमांतला १९ वा नियम तर प्रश्नपत्रिकाच आहे. हातची रोकड आणि व्हाउचरं हिशेबाशी जुळली का? ५००० रुपयांवरच्या दुरुस्तीला किंवा बांधकामाला निविदा मागवल्या का? कोणी विश्वस्त ट्रस्टचा देणेकरी आहे का? आजच्या भावात पाच हजारांत चर्चचा एक दरवाजा धड रंगवून होत नाही, पण नियम आहे तो आहे. आणि तो शेवटचा प्रश्न पुन्हा वाचा. लिलावाचे पैसे विश्वस्ताच्या खासगी खात्यात पडून असतील, तर तो ट्रस्टचा देणेकरी झालाच की! ऑडिटरला हे कोणी लेखी कळवलेलंच नसेल तर तो बिचारा 'नाही' लिहून पुढे जातो. तुम्ही कळवलंत की त्याला 'नाही' लिहिणं जड जाईल.

म्हणून राजीनामा आत्ता देऊ नका. यजमानांची काळजी मला कळते. पण हिशेब सुपूर्द न करता दिलेला राजीनामा म्हणजे 'सगळं हिच्याच काळात झालं' असं म्हणायची इतरांना मोकळीक. पावती पुस्तकं किती, कितव्या नंबरपासून कितव्यापर्यंत, रोकडवही कोणत्या तारखेपर्यंत लिहिलेली, बँकेत शिल्लक किती, याची यादी करा. ती पंचांच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात नोंद झाली, की मग हवं तर खुशाल सोडा.

क्यूआर कोडचं मी थोडं सबुरीनं घेईन. ही चोरीच आहे असं तुमच्या पत्रावरून मला म्हणता येत नाही. लॉकडाउनच्या दिवसांत कित्येक मंडळ्यांत अर्पणाची थैली फिरायची बंद झाली आणि पाळकांनी आपल्या फोनचा कोड पाठवून दिला. सोय म्हणून सुरू झालेलं तसंच चालू राहिलं. तुमच्याकडेही असंच झालं असेल. पण मग उपाय सोपा आहे आणि तो सुचवल्यावर पाळकसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघा. पंचांचा ठराव जोडून अर्ज केला की बँक ट्रस्टच्या खात्याचा कोड देते. तो दारात लावायचा, जुना फाडायचा, आणि सणाच्या दिवशी खासगी खात्यात आलेल्या रकमांची यादी काढून तेवढे पैसे ट्रस्टच्या खात्यात भरायचे. ज्याचा हात स्वच्छ आहे त्याला हे तासाभराचं काम आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती मात्र मला हवी होती: पाळकसाहेबांचा पगार किती आणि तो वेळेवर होतो का? बऱ्याच मंडळ्यांत पाळकाला तीन-तीन महिने पगार नसतो, त्याची मुलं सांगलीत खोली घेऊन शिकत असतात, आणि मग थैलीतून 'तात्पुरते' घेण्याची सवय लागते. त्याने गैर ते योग्य होत नाही. पण हिशेब मागणाऱ्या पंचांनी पगार थकवला असेल, तर तो थकलेला आकडाही त्याच हिशेबात आला पाहिजे. हे तुम्हीच पहिल्यांदा मांडलंत, तर निम्मी मंडळी तुमचं ऐकून घेईल.

आता शास्त्र. तुमच्यावर दोन वचनं फेकली गेली. दोन्ही वाचूया, पण मागेपुढे बघून.

'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे १०५ व्या स्तोत्रातलं. तिथे अभिषिक्त कोण? अब्राहाम, इसहाक, याकोब. संख्येने मूठभर, परक्या मुलखात फिरणारी, घरदार नसलेली माणसं. आणि हे देव कोणाला बजावतो? राजांना. म्हणजे बळवंतांनो, या दुबळ्यांना छळू नका. आता सांगा, तुमच्या मंडळीत खुर्चीवर कोण आहे आणि दाराशी कोण उभं आहे? ते वचन तुमच्या बाजूचं आहे, ताई. आणि अभिषिक्ताला हिशेब विचारता येत नाही म्हणावं, तर शमुवेल संदेष्टा म्हातारपणी सगळ्या इस्राएलासमोर उभा राहून स्वतः विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाकडून लाच खाल्ली, सांगा, मी परत करतो. १ शमुवेल १२. या अध्यायावर संदेश ऐकल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आठवतो का?

दुसरं, २ राजे १२:१५. हे वचन निवडलं याबद्दल मी पाळकसाहेबांचे आभारच मानतो, कारण अख्ख्या बायबलात चर्चच्या पैशाबद्दल याच्याइतका स्वच्छ अध्याय दुसरा नसेल. फक्त तो पहिल्यापासून वाचायला हवा. मंदिराच्या दुरुस्तीसाठी लोक पैसे देत होते आणि ते याजकांच्या हाती जात होते. योआश राजाच्या कारकिर्दीचं २३ वं वर्ष उजाडलं तरी एक भेगही बुजवली गेली नव्हती. राजाने याजकांना बोलावून विचारलं, आणि ठरलं की यापुढे याजकांनी लोकांकडून पैसे घ्यायचेच नाहीत. मग यहोयादा याजकाने एक पेटी आणली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीशेजारी ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघे मिळून पैसे मोजायचे आणि थैल्यांत बांधायचे. मोजून बांधलेला पैसा कामावरच्या मुकादमांच्या हाती जायचा, त्यांनी तो सुतार-गवंड्यांना द्यायचा. १५ व्या वचनात हिशेब मागितला नाही म्हणतात तो या मुकादमांकडे, कारण ते सचोटीने वागत. याजकांच्या हातून तर पैसा आधीच काढून घेतला होता! हिशेब न मागण्याची गोष्ट सांगायला जे वचन काढलं, त्याच्या पाचच वचनं वर दोन माणसं बसून पैसे मोजताहेत.

माझे वडील त्या पेटीचा वारसा चालवायचे म्हणा ना. उपासना संपली की वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या लगतच्या खोलीत, टेबलावर थैली उलटी व्हायची. एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला मंडळीतल्याच एक नर्सबाई. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला की वहीत दोघांच्या सह्या. जुळला नाही तर पुन्हा. आम्ही पोरं बाहेर भुकेने कळवळत असायचो आणि आत चार आण्यांसाठी तिसऱ्यांदा मोजणी चाललेली असायची. तेव्हा राग यायचा. त्या वहीतलं एक पान आज हातात असतं तर ते तुम्हाला पाठवून दिलं असतं.

नव्या करारातलं हवं असेल तर प्रेषित पौल आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली, तर तो ती एकट्याने नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो. कारणही सांगतो: या रकमेवरून कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये, आणि जे प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने चांगलं ते आम्ही पाहतो. २ करिंथ ८:२०-२१. 'देव बघतोय, पुरे आहे' असं पौल म्हणत नाही. विधवेच्या दोन दमड्यांचा संदेश आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी होतो, पण तो मार्क १२:४१ पासून सुरू होतो. त्याच्या अगदी आधी, ४० व्या वचनात, लांब प्रार्थना करून विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल येशू काय बोलला, ते त्या रविवारी कोणी वाचत नाही.

आणि आपण तर प्रोटेस्टंट! ३१ ऑक्टोबर १५१७ ची आठवण आपल्या कितीतरी मंडळ्यांत दर वर्षी काढली जाते. ल्यूथरने त्या दिवशी मांडलेल्या ९५ प्रबंधांचा वाद कशावरून पेटला? पापक्षमापत्रांच्या विक्रीवरून, म्हणजे पैशावरूनच. ८६ व्या प्रबंधात सरळ प्रश्न आहे की पोपची संपत्ती आज धनाढ्य क्रॅससपेक्षा जास्त आहे, तर संत पेत्राचं मंदिर तो गरीब विश्वासणाऱ्यांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशाने का बांधत नाही? ज्यांच्या घराण्याची सुरुवात अशा प्रश्नाने झाली, त्यांच्या पंचांच्या बैठकीत लिलावाचा आकडा विचारणं पाप ठरतं, याला काय म्हणावं.

मला वाटतं, आपल्याकडे या भीतीचं मूळ बायबलात नाहीच, ते मिशनच्या कंपाउंडात आहे. मिशनच्या काळात आपले आजोबा-पणजोबा मिशनच्याच शाळेत मास्तर, मिशनच्याच दवाखान्यात कंपाउंडर, राहायला मिशनचंच घर. पगार, छप्पर, पोरांचं बोर्डिंग आणि प्रभुभोजन, सगळं एकाच साहेबाच्या हातात. त्याला प्रश्न विचारणं म्हणजे एका दिवसात चारही गोष्टी धोक्यात घालणं. तरी तो साहेब निदान बोस्टनला नाहीतर न्यूयॉर्कला, आपल्या बोर्डाला हिशेब धाडत असे, त्याच्यावरही कोणीतरी होतं. पुढे साहेब गेले, खुर्ची राहिली, आणि खुर्चीच्या वरचा तो हिशेब मागणारा मात्र कोणी उरला नाही. बाकावर बसलेल्यांची मान झुकायची सवयही तशीच राहिली. नारायण वामन टिळकांना हे जाचत असणार. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून आमच्या साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. दोनच वर्षांत ते गेले. पण ते मंडळीचे वैरी होते असं आज कोणी म्हणत नाही, त्यांचीच गीतं गाऊन आपण हिशेब चुकवतो.

आता २२ गुंठे. खरा पैसा इथे आहे, थैलीतला आणि कोंबड्याचा त्यापुढे चिल्लर. तालुक्याच्या गावात बाजारपेठेजवळ २२ गुंठे म्हणजे काय, ते टेप घेऊन आलेल्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. इथे आरडाओरड करण्याआधी कागद काढा. मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढून नाव कोणाचं ते बघा. स्थानिक ट्रस्टचं असेल, वरच्या संस्थेच्या ट्रस्टचं असेल, किंवा अजून जुन्या मिशनचंच असेल. वरच्या संस्थेचं असेल तर तुमच्या पाळकांना सही करायचा अधिकारच नाही. दुसरा कागद सांगलीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातला, परिशिष्ट १ चा उतारा. त्यावर विश्वस्तांची नावं आणि मिळकतींची यादी असते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. मेहुण्यांचं नाव तिथे चढलंय का, ते बघून घ्या. कित्येक ट्रस्टांच्या उताऱ्यावर अजून वारलेल्या माणसांचीच नावं असतात. तिसरं, दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स दोन शोधा, काही करार आधीच नोंदला गेलाय का कळेल.

या कायद्याचं कलम ३६ तुमच्या पंचांपैकी किती जणांना माहीत आहे, कोण जाणे. ट्रस्टची स्थावर मिळकत विकणं, अदलाबदल करणं, बक्षीस देणं, शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त किंवा बिगरशेती जमीन आणि इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त भाड्याने देणं, यातलं काहीही धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. पूर्वपरवानगी, मागाहूनची फक्त अपवादात्मक परिस्थितीत. आणि फसवून मिळवलेली परवानगी रद्दही होते. 'विकसन' हा गोंडस शब्द वापरून मिळकत हातची जाणार असेल, तर तिथेही हेच विचारायचं. एक अर्ज आजच देऊन ठेवा: या मिळकतीबाबत परवानगीचा अर्ज आला तर आम्हा सभासदांचं म्हणणं ऐकून घ्यावं. अर्जावर एकट्या तुमची सही नको, निदान दोन-तीन कुटुंबांची हवी. 'वरच्यांनी ठरवलंय, आपल्या हातात काय' असं कोणी म्हणालं, तर गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळीचा खटला सांगा. मंडळ्यांचं उत्तर भारताच्या चर्चमध्ये विलीनीकरण झालं, तेव्हा मिळकतीही आपोआप गेल्या का, असा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटलं की एकत्र उपासना करायचा ठराव ही एक गोष्ट आणि ट्रस्टची मिळकत दुसऱ्याकडे जाणं ही निराळी, तिला कायद्याची वाट धरावी लागते.

सरकारदरबारी जावं का? १ करिंथ ६ तुम्हाला ऐकवतीलच, भावाने भावाला कोर्टात खेचू नये म्हणून. तिथे पौल पुढे विचारतो की तुमच्यात निवाडा करील असा एकही शहाणा नाही का? म्हणजे आधी घरातला शहाणा शोधायचा. पंचांना लेखी द्या, मग वरच्या संस्थेच्या कौन्सिलला, आणि उत्तरासाठी तारीख घाला, समजा ३० दिवस. तेवढ्यात काही हललं नाही तर धर्मादाय कार्यालयात कलम ४१-ब खाली तक्रार अर्ज करता येतो. मिळकत हातची जाण्याची वेळ आलीच, तर ४१-ई खाली मनाई हुकूम मागता येतो, त्याला मात्र वकील लागेल. हे भावाला कोर्टात खेचणं आहे असं मला वाटत नाही. ट्रस्टने स्वतः जिथे नोंदणी केली आणि जिथे दर वर्षी हिशेब भरायचं कबूल केलं, तिथेच तुम्ही ते हिशेब बघायला जाताय. पौलानेही वेळ आली तेव्हा रोमच्या कैसराकडे दाद मागितलीच. पण भाबडी आशा ठेवू नका, तारखा पडतात, वर्षं जातात, आणि तेवढ्यात मंडळीचे दोन तट पडतात. जमिनीसाठी मी हे सगळं सोसायला सांगेन. कोंबड्याच्या साडेतीन हजारासाठी नाही.

मुलीच्या लग्नाचं मनावर घेऊ नका, ती धमकी दिसते तेवढी मोठी नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे परवाना असलेला दुसरा कोणीही पाळक लग्न लावू शकतो. नवरदेवाच्या मंडळीचे पाळक असतील, सांगली-मिरजेत ओळखीचे कोणी असतील, त्यांना आत्ताच विचारून ठेवा. अगदीच झालं तर विशेष विवाह कायदा आहे, त्याला ३० दिवसांची नोटीस लागते, म्हणजे नोव्हेंबर उजाडायच्या आत कागद द्यावे लागतील. दुसरी सोय झाली आहे हे कळल्यावर घोषणा मुकाट्याने होतात, असा माझा अनुभव आहे. सभासदपट्टीवरून नाव काढू म्हणतील, तर मंडळीची घटना मागा. नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी, हे त्यात बहुधा असतंच.

सासूबाईंचं वाचून मात्र मला खरंच वाईट वाटलं. जिवंत माणसाच्या उशाशी बसून तिच्या मातीची काळजी करायला लावणं, याला मी प्रशासन म्हणणार नाही. दफनभूमी कोणाच्या नावावर आहे ते त्याच सातबाऱ्याच्या फेरीत बघून घ्या. नगरपालिकेची निघाली तर पाळकसाहेबांचा तिथे काही संबंधच नाही. मंडळीची असेल, तर पंचांपैकी जे दोघे-तिघे जुने आहेत, ज्यांनी सासूबाईंच्या हातचं खाल्लंय, त्यांना घरी बोलवा. चहा द्या, सासूबाईंच्या खोलीत बसवा. जमिनीचं काही बोलू नका. त्यांनाच बोलू दे.

महिला मंडळाचं राहू द्या. बायका बोलत नाहीत ते रागाने नाही, त्यांच्याही घरी लग्नं आणि म्हातारी माणसं आहेत.

आता ता. क. दशांश. मलाखी ३:१० तुम्हाला पाठ असेल, 'सगळा दशांश भांडारात आणा.' तोच मलाखी पहिल्या दोन अध्यायांत याजकांवर तुटून पडलाय, तेही वाचा. देणं थांबवू नका. थांबवलंत की 'पैसे वाचवायला भांडते' हे पहिलं वाक्य होईल. ट्रस्टच्या नावे रेघा मारलेला चेक द्या आणि पावती घ्या. पावती मिळेना झाली, तर अनुवाद १४:२८-२९ काढा: दर तिसऱ्या वर्षीचा दशांश आपल्याच गावातल्या परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी होता. तुमच्या गावात असं एखादं पोर असेलच. त्याची फी भरा, आणि त्या पावतीवर शाळेचा शिक्का आहे ना, बघून घ्या.